अंजनाची खुर्ची, धुळे

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीला नीट आठवत नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, धुळ्यात, पांझरा विद्यापीठाच्या सुतारकाम विभागात, माझ्या डोळ्यांदेखत अंजनाच्या लाकडाच्या खुर्चीला स्क्रू मारले! पन्नास वर्षं ज्या खुर्चीत एक खिळा नाही, तिला स्क्रू. कशासाठी? पितळी पाटी लावायला. आणि पाटीवर काय कोरलंय? 'एकही खिळा न वापरता बनवलेली खुर्ची.' हे वाक्य चार स्क्रूंनी ठोकायचं! कोणाच्या डोक्यातून निघालं हे? एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही!

मारणारा अर्पित. ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्यांचं दुकान आहे त्याचं. तिशीचा असेल, अंगाला अत्तर, हातात बॅटरीचं ड्रिल. पाटी पाठीमागच्या बाजूला, का, तर पुढे लावली तर दीक्षान्ताला त्यात बसणाऱ्या कुलगुरूंना टोचेल. तीन भोकं पडली. चौथ्याला ड्रिल किंचाळलं, बिट तुटला आणि पाठीच्या उजव्या खांबाला वीतभर तडा गेला. काडकन. तो आवाज अजून कानात आहे.

मी ओरडले नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला ओरडायला नाही शिकवलं, हळू आवाजात माणूस कसा सोलायचा ते शिकवलं.

अर्पित म्हणाला, "मॅडम, आत लोखंड आहे. बिट असा लोखंडावरच तुटतो."

म्हटलं, "ते अंजन आहे. पाण्यात टाकलं तर बुडतं. तुझ्या ड्रिलला ते लोखंडच वाटणार. जन्मात प्लायवुडशिवाय काही भोसकलं आहेस का?"

तेजस मान खाली घालून उभा. विभागप्रमुख म्हणे! माझाच विद्यार्थी. मी आठ वर्षांपूर्वी निवृत्त होताना ज्या खुर्चीवरून उठले तिथे आता हा बसतो.

आणि पाटीवर खाली आणखी एक ओळ — 'संस्थापक व संकल्पना : डॉ. लीलाधर, माजी प्राचार्य.' खुर्ची बनवणाऱ्या सुपडू नानांचं नाव नाही. कुठेच नाही. लीलाधर सरांनी रंधा हातात धरला तो एकदाच, फोटोसाठी. तोही उलटा.

घरी यायला जळगावची बस पकडली. पारोळ्यापर्यंत पत्राचा मजकूर मनात जुळवत आले.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

कुलसचिवांना पत्र लिहिलं. तीन मागण्या. पाटी काढा. खुर्ची मी दुरुस्त करणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. विभागाच्या पन्नाशीच्या स्मरणिकेत आणि नव्या पाटीवर सुपडू नानांचं नाव संस्थापक म्हणून.

दुपारी शेजारची राजकुंवर आली. भुसावळच्या शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून तिचं ऐकून घेते. पत्र वाचलं, चहा संपवला, मग म्हणाली, "लग्न केलं असतंस तर हा सगळा राग एका माणसाच्या वाट्याला आला असता. विद्यापीठ वाचलं असतं."

तिला काय कळणार. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मी. शाळेत सिस्टरनी भरतकाम शिकवलं, टाके सरळ नसले की बोटांवर पट्टी. घरी येऊन मी वडिलांच्या हातोडीने मोडकी स्टुलं दुरुस्त करायची. १९७५ साली धुळ्यात हा विभाग निघाला तेव्हा पहिल्या तुकडीत अकरा मुलगे आणि मी. लीलाधर सरांचं मत होतं की मुलीने ग्रंथपाल व्हावं. सुपडू नाना म्हणाले, करवत धरून दाखव. धरली. त्यांनी माझी कोपरं बघितली आणि म्हणाले, उद्यापासून ये.

नाना धुळ्यातले सुतार. शिक्षण चौथी. लीलाधर सरांनी जागा मिळवली, मंजुरी मिळवली, पत्र्याची शेड मिळवली — ते सगळं मान्य. पण त्या शेडमध्ये विद्या आणली ती नानांनी. उद्‌घाटनाच्या पाहुण्यांसाठी पहिली वस्तू बनवली ती ही खुर्ची. सातपुड्यातलं अंजन. उचलायला चार माणसं लागतात. तेव्हापासून प्रत्येक दीक्षान्ताला कुलगुरू तिच्यातच बसतात. कुलगुरू किती आले आणि गेले, खुर्ची तीच.

आणि नाना? एकाही दीक्षान्ताला मंचावर नाहीत. मंचावर सोडा, मांडवातसुद्धा नाहीत. एवढ्या वर्षांत यांनी त्या माणसाला एकदा बोलावलं नाही! नाना गेल्याला आता एकोणीस वर्षं झाली. मी नोकरीत असताना दरवर्षी यावर भांडायची. दरवर्षी उत्तर एकच — 'बघतो'.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

स्मरणिकेची कच्ची छपाई तेजसने पाठवली. विभागाचा इतिहास त्यानेच लिहिलाय. नाना एका ओळीत आहेत : 'स्थानिक कारागीर श्री. सुपडू यांचे सहकार्य लाभले.' सहकार्य! तीस वर्षं शिकवलं त्या माणसाने.

पण खरा धक्का मथळ्यात होता. 'सुतारकाम विभाग (१९७५–२०२६)'. कंस बंद. जिवंत माणसाच्या नावापुढे असा कंस कोणी छापतं का?

फोन केला. तेजसने आधी माझी तब्येत विचारली. मग सांगितलं. यंदा विद्यार्थी नऊच. मार्चमध्ये विभाग बंद करायचं वर जवळजवळ ठरलंय. शेडमध्ये परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिका ठेवणार. म्हणजे गोदाम. आमचे बाक, आमचे शिकंजे, सगळं लिलावात.

एकच वाट राहिली आहे म्हणाला. हस्तकला केंद्राची तीन माणसांची समिती १२ डिसेंबरला मुंबईहून येते आहे. खिळ्याशिवाय काम करण्याची अखंड परंपरा म्हणून त्यांनी विभागाला मान्यता दिली, तर बंद करता येणार नाही. परंपरेचा पुरावा काय? तर ती खुर्ची.

"म्हणूनच पाटी लावत होतो, मॅडम," म्हणाला. "समितीला वाचायला."

मी विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही भांडायला गेला असतात. आणि आता भांडून चालणार नाही."

खरं बोलला. त्याचाच राग आला.


शनिवार, १५ नोव्हेंबर

कुलसचिवांचं एका ओळीचं उत्तर. खुर्ची दुरुस्त करायला परवानगी. बाकीच्या दोन मागण्या 'विचाराधीन'.


बुधवार, १९ नोव्हेंबर

धुळे. रात्री इथेच विद्यापीठाच्या अतिथिगृहात आहे. काय लिहू.

क्रमाने लिहिते.

तडा गेलेला खांब नीट चिकटवायचा तर तो सुटा करायला हवा. पाठीच्या वरच्या आडव्या पट्टीचं टोक निमुळतं करून खांबाच्या खाचेत बसवलेलं असतं. त्या टोकाला आम्ही कुसू म्हणतो. सरस जुना झाला की वाफ द्यायची, लाकडी मोगरीने हलके ठोके द्यायचे, कुसू बाहेर येतं. डावीकडचं आलं. अगदी लोण्यातून सुरी यावी तसं. नानांचा हात! मी तेजसला दाखवलं — बघ, पन्नास वर्षांनी खाचेच्या कडा कशा धारदार आहेत.

उजवीकडचं येईना. वाफ दिली. पुन्हा दिली. ठोके वाढवले. खांब जागचा हलेना. तेजस म्हणाला, इथे सरस जास्त लागला असेल. मी भिंग घेतलं आणि पाठीमागून बघितलं, अर्पितच्या चौथ्या भोकाच्या कडेला. तिथे एक गोल. करंगळीच्या नखाएवढा. रेषेला रेष अशी जुळवलेली की हात फिरवूनही कळू नये. अंजनाची गुट्टी, म्हणजे भोक बुजवायची लाकडी चकती.

गुट्टी कशावर बसवतात हे मला माहीत आहे. मी माझ्या हाताने मुलांच्या कामातून अशा किती उकरल्या आहेत.

पटाशीने काढली. खाली लोखंड.

चार इंची खिळा. साधा, बाजारातला. काळा पडलेला. अर्पितच्या बिटाचा तुटका तुकडा त्याच्या अंगाला चिकटलेला.

पक्कडीने काढताना तेजसने शेडचं दार लावून घेतलं. मी सांगितलं नव्हतं. त्यानेही मला विचारलं नाही.


गुरुवार, २० नोव्हेंबर

घरी आले. खिळा पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळलेला. चष्मा काढायला हात घातला की लागतो.

अर्पितला फोन करून खुर्चीत लोखंड होतं हे सांगायला हवं. केला नाही.


शनिवार, २२ नोव्हेंबर

तेजस स्वतः जळगावला आला. दारात चपला काढतानाच बोलायला लागला. रात्रभर विचार केला म्हणे, आणि मार्ग निघाला. खिळ्याच्या जागी लाकडी खुंटी घालायची. तडा चिकटवायचा. गुट्टी परत बसवायची. झालं. पाटी दोऱ्याने बांधू हवं तर.

"खिळा आपण काढलाय ना, मॅडम. म्हणजे आता खुर्चीत खरंच एकही खिळा नाही. समितीपुढे कोणी खोटं बोलणार नाही."

काय डोकं आहे! वकील व्हायला हवा होता. मी म्हटलं, आणि इतिहास? 'अखंड परंपरा' म्हणून जे छापलंस ते? नाना पहिल्याच वस्तूत —

वाक्य सोडलं आणि खिळा पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

तेव्हा तो बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. १९९८ साली त्याच्या परीक्षेच्या स्टुलात मला खिळा सापडला होता. वरती गुट्टी लावलेला, नेमका असाच. मी सगळ्यांसमोर स्टूल उकललं, खिळा टेबलावर ठेवला आणि त्याला नापास केलं. त्याचे वडील चोपड्याहून आले होते हात जोडायला. मी ऐकलं नाही. आजही नापासच करीन! विद्यार्थ्याने लपवणं शिकायचं नसतं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या एका खिळ्यापायी माझं एक वर्ष गेलं. मी कधी तक्रार केली नाही, कारण वाटायचं की जिथे नानांनीसुद्धा कधी खिळा मारला नाही तिथे मी मारला. आता तसल्याच खिळ्यापायी विभाग घालवायचा म्हणता?"

मी चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं, तरी उभीच.

नानांनाही मी नापास केलं असतं.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

धुळ्याला गेले, देवपुरात इंदिराबाईंकडे. नानांच्या पत्नी. पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी सगळं ऐकू येतं. त्यांना विचारायला जाणं बरं नव्हे हे कळत होतं. तरी गेले. खिळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी बोटांनी चाचपला. म्हणाल्या, "निंघना का शेवट."

म्हणजे निघाला का एकदाचा! त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

त्यांनी सांगितलं ते असं. एप्रिलमध्ये सातपुड्यातून लाकूड आलं ते ओलं. नाना म्हणाले वर्षभर वाळू द्या. लीलाधर सर म्हणाले पाहुण्यांची तारीख ठरली, जुलैमध्ये उद्‌घाटन. नानांनी नको तेच केलं, ओलं लाकूड कापलं आणि जोडलं. मे महिन्यात धुळ्याचं ऊन, वर पत्रा. लाकूड भराभर आटलं. उजवीकडचं कुसू खाचेत ढिलं पडलं. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी पाठ हाताने हलवली तर कुचकुच आवाज. आणि पाहुणे अंगाने चांगले भारदस्त. ते मागे रेलले आणि पाठ निखळली तर सगळ्या गावासमोर विभाग पहिल्याच दिवशी संपला.

मला तो दिवस आठवतो. नानांनी आम्हा बाराही जणांना लवकर घरी पाठवलं होतं. जा, मी बघतो, म्हणाले. आम्ही सुट्टी मिळाली म्हणून आनंदात.

खुंटी घालायला वेळ नव्हता. सरस वाळायला वेळ नव्हता. एक खिळा मारला, वर गुट्टी. कार्यक्रम झाला की काढायचा आणि शांतपणे नवं कुसू करायचं, असं ठरवून.

पण दुसऱ्या दिवशी भाषणात लीलाधर सर म्हणाले — त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत — या खुर्चीत एकही खिळा नाही! टाळ्या. पाहुण्यांनीही टाळ्या वाजवल्या. नाना पहिल्या रांगेत. उठून काय सांगणार होते? आणि खुर्ची त्याच दिवशी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत गेली, नानांच्या हाताबाहेर.

त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेडमधला खिळ्यांचा डबा उचलून लोहाराला देऊन आले. तेही मला आठवतं! आम्ही बघत होतो. नाना म्हणाले, या पत्र्याखाली आजपासून खिळा दिसला तर बोटं मोडीन. आम्ही त्याला तत्त्व म्हटलं. मी तर त्यावर व्याख्यानं दिली, मुलांपुढे. ते तत्त्व नव्हतं. तो माणूस स्वतःला शिक्षा करत होता, आणि आम्ही ती शिकून घेतली.

निघताना मी म्हटलं, इंदिराबाई, एवढं करून विद्यापीठाने नानांना एकदासुद्धा दीक्षान्ताला बोलावलं नाही. तोंडात होतंच ते वाक्य, सवयीने निघालं.

त्या हसल्या. "बलावनं दरसाल ये, माय. त्याच जायेत नहीत."

दरवर्षी बोलावणं येत होतं! छापील, लिफाफ्यातलं. नाना घेत आणि देवामागे ठेवून देत. एकदा इंदिराबाईंनी विचारलं, एवढा मान मिळतो तर जात का नाही. तेव्हा नाना म्हणाले होते :

"तठे बठ्ठा टाया वाजाडतस. माले मन्हा खिया दखास."

तिथे सगळे टाळ्या वाजवतात आणि मला माझा खिळा दिसतो.

खिळा मी परत मागितला. त्यांनी माझ्या मुठीत ठेवला आणि मूठ मिटवली.


बुधवार, २६ नोव्हेंबर

वीस वर्षं मी ज्या अपमानासाठी भांडत होते तो अपमान झालाच नव्हता. किती पत्रं लिहिली! कुलसचिवांच्या कपाटात असतील अजून. लोक मला काय म्हणत असतील. नाना मला एकदा तरी सांगू शकत होते — गप्प बस पोरी, मीच जात नाही. नाही सांगितलं. कारण पुढचा प्रश्न मी विचारला असता. मला ओळखत होते ते.


रविवार, ३० नोव्हेंबर

राजकुंवरकडे भरीत. तिच्या नवऱ्याने बामणोदची वांगी आणली होती, कळण्याची भाकरी, वर ठेचा. मी नुसती भाकरी कुस्करत बसले. तिने ओळखलंच. सगळं सांगितलं तिला.

तिच्या घरात तीन पिढ्या दुकानदारी. मला वाटलं म्हणेल, झाकून टाक, माल विकला जायला हवा. तिने उलटंच विचारलं : "आणि समितीच्या त्या माणसांत कोणी तुझ्यासारखं खडूस निघालं तर? भिंग घेऊन?"

म्हटलं, नवी खुंटी इतकी चोख बसवीन की देवालाही कळणार नाही.

"म्हणजे नानांनी केलं तेच," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकली.

नाही खाल्ली. ती रागावली.


गुरुवार, ४ डिसेंबर

खुर्ची झाली. तीन दिवस धुळ्यात राहून केली. तडा शोधून दाखवा! कुसू नवं केलं, घट्ट. अंजनाचीच खुंटी तासून घातली, तिच्यावर नानांचीच गुट्टी. अर्पितची भोकंही बुजवली. आता त्या खुर्चीत लोखंडाचा कण नाही. कोणीही चुंबक फिरवावं.

तेजसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने स्मरणिकेत आणि नव्या पाटीच्या मजकुरात नानांचं नाव संस्थापक म्हणून घातलं, वर कुलसचिवांकडून मान्य करून आणलं. मथळ्यातला कंसही उघडा ठेवला — १९७५ आणि पुढे कोरं. माझ्या तिन्ही मागण्या पूर्ण झाल्या. लेखी.

मी तोंड मिटून ठेवायचं, एवढंच. तेजस तसं म्हणाला नाही. गरज नव्हती.

विभाग वाचावा म्हणून करते आहे. नऊ मुलं आहेत. तो पत्रा, तो भुशाचा वास. त्यात चूक काय?


शनिवार, ६ डिसेंबर

झोप नाही.


बुधवार, १० डिसेंबर

आज धुळ्यात रंगीत तालीम. परवा समिती येईल तेव्हा कोण कुठे उभं राहणार, काय बोलणार. खुर्ची शेडच्या मध्यभागी, पुसून, खाली सतरंजी. मला पहिल्या रांगेत बसवलं. 'पहिल्या तुकडीच्या विद्यार्थिनी' म्हणून माझा सत्कार आहे. शाल, नारळ.

तेजस बोलायला उभा राहिला. चांगलं बोलतो तो. नानांबद्दल बोलला — चौथी शिकलेला माणूस, ज्याने विद्यापीठाला शिकवलं. माझ्या मनातलीच वाक्यं. मग खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, "पन्नास वर्षं. एकही खिळा नाही."

नऊही मुलांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. सावद्याची एक मुलगी तर उभी राहून.

माझे हात मांडीवर होते. उचलायला गेले, उचलले नाहीत. सांधे दिसावेत म्हणून खुर्ची पाठमोरी ठेवली होती, आणि मला फक्त ती गुट्टी दिसत होती. नखाएवढी. बाकी खुर्ची दिसतच नव्हती.

पहिल्या रांगेत. नानांचीच जागा.

मग कळलं पुढे काय होणार ते. विभाग वाचेल. दरवर्षी परंपरा-दिन होईल. दरवर्षी मला बोलावणं येईल, छापील. आणि मी ते देवामागे ठेवीन.


गुरुवार, ११ डिसेंबर. धुळे, विभागाची शेड

सकाळी पहिल्या बसने आले. तेजस बैठकीला गेला होता. खुंटी उकरून काढली. नानांचा खिळा त्याच्या जागी परत ठोकला. एवढ्या वर्षांत या पत्र्याखाली पहिल्यांदा उघडपणे खिळ्यावर हातोडीचा आवाज झाला. नऊही मुलं येऊन बघत उभी राहिली. मी त्यांना सगळं सांगितलं, ओल्या लाकडापासून लोहाराकडे नेलेल्या डब्यापर्यंत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सावद्याच्या मुलीने विचारलं, हात लावू का. लावला.

गुट्टी बसवली नाही. खिळ्याचं डोकं उघडं आहे, कोणालाही दिसेल असं.

तेजसच्या टेबलावर हे ठेवलं. नक्कल इथे उतरवते :

'चि. तेजस, खुर्चीत एक खिळा आहे. तो सुपडू नानांनी मारला, आणि त्या एका खिळ्यामुळे नंतर पन्नास वर्षं इथे दुसरा मारू दिला गेला नाही. विभागाचा इतिहास हा आहे. इतिहासाचं पहिलं पान मी नव्याने लिहून सोबत जोडलं आहे. पाटीवर दोनच गोष्टी हव्यात : नानांचं नाव आणि "एक खिळा". पाटी दोऱ्याने बांधावी. समिती उद्या सकाळी अकरा वाजता येते. तू त्यांना हे पान देणार आहेस की नाही, ते मला उद्या सकाळी साडेदहाच्या आत लेखी कळव. तोंडी उत्तर चालणार नाही. मी शेडमध्येच आहे, खुर्चीशेजारी.'